कुठं वाजवलंस?

आमच्या दुकानात दाब मोजायचं यंत्र आहे, उष्णता मोजायचं आहे, धूर मोजायचंही आहे. अण्णांचा त्यातल्या एकावरही भरवसा नाही. त्यांचा भरवसा माझ्या घाबरटपणावर.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी गाड्यांचे सायलेन्सर बनवायचं दुकान काढलं तेव्हाच एक नियम घालून ठेवला. पाइप ज्यानं बनवला त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं आणि गाडी घाटात न्यायची. बनवणाऱ्याच्या पोटात गोळा आला की त्यानं डॅशबोर्ड बोटांनी दोनदा वाजवायचा, आणि ड्रायव्हरनं काहीही न विचारता गॅसवरचा पाय उचलायचा. परत आलं की अण्णांचा प्रश्न ठरलेला, "कुठं वाजवलंस?" जिथं वाजवलं तिथं गाडी माणसाच्या पुढं गेली, असा त्यांचा हिशेब. मग पाइप पुन्हा कापायला घ्यायचा.

बाकीचे दुकानदार या नियमाला हसायचे. पण आमच्या पाइपची गाडी दरीत गेली असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मी पुण्याला जाऊन ध्वनिशास्त्र शिकून आले, तिथं आवाज दाबायची यंत्रं बनवण्यात काही वर्षं घालवली, आणि परत येऊन अण्णांच्या नियमाप्रमाणे बाजूच्या सीटवर बसायला लागले. घाबरण्यात माझा हात धरणारं घरात कुणी नव्हतंच.

आता पेट्रोल पंप बंद होऊनही बरीच वर्षं झाली. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या विजेवर पळतात. पण छंदाचा परवाना काढून जुनी इंजिनं उसाच्या इथेनॉलवर चालवणारे खुळे आमच्या जिल्ह्यात पोत्यानं आहेत. सरकारची अट एवढीच, की आवाज शिलाई मशीनपेक्षा वर जाता कामा नये. एरवी ज्यांना जाळ अन् धूर संगटच लागतो त्या लोकांनी शिलाई मशीनसारखं चालायचं म्हणजे फारच झालं, पण नियम तो नियम.

असा खुळा गिऱ्हाईक म्हणून आला की त्याचं पहिलं वाक्य मला पाठ असतं. "ताई, चांगला जाडजूड पाइप टाका, इंजिनाला मोकळा श्वास घेऊ दे." मी आधी चहा मागवते, मग समजावते. इंजिनात स्फोट झाला की जळका वायू व्हॉल्व्हमधून पाइपात चापट मारल्यासारखा सुटतो. दाबाची ती लाट पाइपाच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि तिथून मागं फिरते. गंमत अशी, की जाताना ती ढकलत जाते आणि येताना ओढत येते. ही ओढणारी लाट व्हॉल्व्हपाशी नेमक्या वेळी पोचली, म्हणजे आत येणारं आणि बाहेर जाणारं अशी दोन्ही दारं क्षणभर एकदम उघडी असताना, तर ती उरलासुरला जळका वायू बाहेर खेचते आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा आत येते. हा फुकटचा पंप आहे. वेळ चुकली तर मात्र ढकलणारी लाट येऊन पोचते आणि जळका वायू परत इंजिनाच्या घशात कोंबते. नुसता जाड पाइप टाकला तर वायूचा वेगच मरतो, चढाला गाडी रडते, आणि गिऱ्हाइकाच्या पदरात फक्त आवाज पडतो.

लाटेची वेळ पाइपाच्या लांबीवर ठरते. इंजिन सावकाश फिरत असेल तर लांब पाइप हवा, जोरात फिरत असेल तर आखूड. पाइप काही रबराचा नसतो. त्यामुळं प्रत्येक पाइप एका ठरावीक वेगालाच खरा उपयोगी पडतो आणि बाकी वेळ कसाबसा दिवस ढकलतो. अण्णांचं सगळं आयुष्य तो एक वेग निवडण्यात गेलं.

मी त्यावर पडदा शोधून काढला. पडदा म्हणजे पाइपाच्या तोंडाशी, बाजूच्या कप्प्यात बसवलेली चिनीमातीसारखी पातळ चकती. वीज दिली की ती थरथरते आणि परत फिरणाऱ्या लाटेला अडवते किंवा पुढं जाऊ देते. पाइप तेवढाच राहतो, पण लाटेला तो कधी हातभर वाटतो तर कधी दोन वाव. इंजिनाचा वेग कितीही असो, ओढणारी लाट वेळेवर हजर. शिवाय तीच चकती आवाजाच्या उलट आवाज काढून त्याला गिळते, म्हणून सायलेन्सरमध्ये बोळे भरायची गरज नाही. चार नळ्यांना चार पडदे लावले, त्यांना वीज देणारा डबा बाजूच्या सीटखाली ठेवला, आणि कित्येक महिने गाडी चाचणीच्या रोलरवर चढवून रोज त्या पाइपाशेजारी बसून राहिले.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, श्रेणिकची. श्रेणिक घाटचढाईच्या शर्यतीत गाडी चालवायचा, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत. तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या गाडीची चाचणी घेताना तो ओल्या खडीवरून घसरला आणि दरीच्या तोंडाशी एका झाडाला अडकून राहिला. खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून त्याचे हात कापायला लागले ते थांबेनात. चहा घेतला तर अर्धा बशीत. सन्मती, म्हणजे त्याची बायको, त्याला स्कूटरवर मागं बसवून बाजारात न्यायची. ज्याच्या नावानं जिल्ह्यात शिट्ट्या पडायच्या, तो मांडीवर भाजीची पिशवी धरून बसायचा.

रोलरवर कुणीतरी गॅस द्यायला हवा म्हणून मी त्याला बोलावलं होतं. जागच्या जागी फिरणारी गाडी, म्हणून तो बसला. पडदे चालू झाले आणि थोड्या वेळानं त्यानं स्टिअरिंगवरचे हात उचलून माझ्यासमोर धरले. हात दगडासारखे स्थिर होते.

"नाद खुळा पाइप आहे, अक्का," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. माझ्याही नव्हता. मला वाटलं, आम्ही दमलोय.

पहिल्या फेरीला करूळ घाटात गेलो. बोगदा झाल्यापासून जुना घाटरस्ता रविवारी छंदवाल्यांना मोकळा असतो. श्रेणिकनं खालच्या नाक्यावरून गाडी सोडली. नुसती ताकद, खालपासून वरपर्यंत सारखी, कुठं दम तुटणं नाही की धाप लागणं नाही. धबधब्याचं वळण गेलं आणि मग नालेचं वळण आलं. हे वळण घोड्याच्या नालेसारखं पूर्ण मागं फिरतं आणि बाहेरच्या अंगाला कठडा कमी, हवा जास्त. इथं मी कायम वाजवते. एसटीत बसले असले तरी समोरच्या सीटच्या दांडीवर माझी बोटं वाजतात. त्या दिवशी गाडी वळणात शिरली तेव्हा मी, सकाळी हरभरे भिजत घातले की राहिले, याचा विचार करत होते. मागची चाकं सरकल्याचं मला कळलं. कुणा तिऱ्हाइताच्या गाडीची चाकं सरकावीत, तसं कळलं.

अण्णा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"कुठं वाजवलंस?"

"कुठंच नाही."

ते उठून उभे राहिले. पाइपावर हात ठेवला, गरम असूनही ठेवला. "मग जमलं तुला," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं जमलं."

लहानपणापासून मी या वाक्याची वाट बघत होते. ते वाक्य आलं, आणि मी हात धुवायला गेले.

पडद्याची बातमी पसरली तशी गिऱ्हाइकं आली. सुरुवातीला ताकदीसाठी आली. पुढं पुढं वेगळीच माणसं यायला लागली. मुलगा परदेशात कायमचा राहिलेला एक मास्तर आला, रोज संध्याकाळी गाडीत बसून रंकाळ्याला चकरा मारायला लागला. एका बाईंनी गाडी घेतली आणि ती अंगणात नुसती चालू ठेवून आत वर्तमानपत्र वाचत बसायच्या. एकानं तर विचारलं, गाडी नको, नुसता पडदा घरात बसवून मिळेल का. यातलं मला काहीच विचित्र वाटलं नाही. आता लिहिताना वाटतं आहे.

मग एका दुपारी सन्मती दुकानात आली. ती कधी तक्रार घेऊन येणारी नव्हे.

"अक्का, हे माझ्याशी भांडत नाहीत हल्ली."

"चांगलं आहे की."

"काल मी म्हटलं, मी माहेरी निघून जाते कायमची. नुसतं बघायला म्हटलं हो. तर म्हणाले, रिक्षा बोलवू का?" तिनं पदराच्या टोकाला पीळ घातला. "चेष्टा नव्हती, अक्का. फोन काढला हातात."

ती रडत होती. मी तिला पाणी दिलं. तिला जवळ घ्यायला हवं, हे मला माहीत होतं, जसं चिखल झालाय म्हणून चप्पल बाहेर काढायची हे माहीत असतं. मी ग्लास परत घेतला आणि ती गेल्यावर विसळून ठेवला.

त्याच आठवड्यात अण्णा न्हाणीत पडले. आवाज ऐकून मी गेले. ते फरशीवर कुशीवर पडलेले, एक हात अंगाखाली, नळ चालू. मी आधी नळ बंद केला. मग पायपुसणं सरकवून घेतलं, म्हणजे माझा पाय घसरू नये. मग दवाखान्याची गाडी बोलावली आणि मग त्यांच्याकडं वळले. क्रम अगदी बरोबर होता. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, की इतक्या शांतपणे वागणारे नातेवाईक क्वचित बघायला मिळतात.

मनगटाला प्लास्टर घातल्यावर अण्णांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली.

"त्रिशला, तू ओरडली नाहीस."

"ओरडून काय झालं असतं?"

"काही नाही. पण तू ओरडतीस की. पाल दिसली तरी गल्ली गोळा करतीस. मला वाटलं, दुसरंच कोण तरी आलंय न्हाणीत."

या वाक्याचं मला वाईट वाटलं नाही. पण ते डोक्यात राहिलं, दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखं. दुसऱ्या दिवशी दुकानात मी स्टीलच्या ताटलीत रवा पसरला, ताटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली आणि पडदे चालू केले. आवाज शून्य. रवा मात्र हलत होता. भरभर नव्हे. सावकाश, एका लयीत, कुणीतरी ताटलीखाली बसून श्वास घ्यावा तसा वर-खाली.

मग कागदावर मांडलं तेव्हा उलगडा झाला. चार पडदे एकाच वेगानं थरथरतात असं मी धरून चालले होते. त्यांच्यात बारीकसा फरक राहतो, आणि गरम, दाबाखालच्या वायूत त्या फरकाचा तिसराच एक ठोका तयार होतो. तो इतका मंद असतो की कानाला तो आवाज वाटतच नाही. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली घुमते, तशी गाडीची बंद केबिन त्या ठोक्यानं घुमते, आणि आत बसलेल्या माणसाचं पोट, छाती, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं पाणी, सगळं त्यात सापडतं. भीती मेंदूत असते असं आपण म्हणतो. पण मेंदूला भीतीची पहिली वर्दी पोटाकडून जाते, छातीच्या धडधडीकडून जाते. सगळं अंग त्या ठोक्यावर डुलत असेल तर वर्दी जातच नाही. भीती जाते आणि तिच्याबरोबर तिची सगळी भावंडंही जातात. आनंद, लाज, माया. मी तर महिनोन्‌महिने त्या ठोक्यात रोज दिवसभर बसत होते.

हे कळल्यावर मला घाबरायला हवं होतं. नेमकं तेच करता येत नव्हतं. मी रवा परत डब्यात भरला.

ठोका मारायला उपाय होता. पाइपाला बाजूनं एक बंद तोंडाची नळी जोडली की नको असलेली लाट तिच्यात शिरून स्वतःलाच मारते. पण इतक्या मंद लाटेसाठी ती नळी आमच्या दुकानाएवढी लांब लागली असती. दुसरा उपाय म्हणजे पडदे काढून टाकणं. मग उरतो नुसता पाइप, मधल्या वेगाला बरा आणि वरच्या वेगाला इंजिनाचा गळा धरणारा.

श्रेणिकला मी सगळं सांगितलं. तो बोनेट पुसत होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. गाडी बंद केली की मिनिटभरात हात परत सुरू होतात, अक्का. म्हणून मी दारात इंजिन चालू ठेवून बसतो. सन्मतीला वाटतं, फोनवर बोलतोय."

"आणि सन्मतीचं काय?"

"तिचं काय?"

तो मला टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता.

"दिवाळीआधी घाटचढाई आहे," तो म्हणाला. "मी नाव दिलंय. पडदे काढलेस तर मी परत पिशवी मांडीवर घेऊन बसणार. तुला चालत असेल तर काढ."

पडदे ठेवले तर हा नालेच्या वळणातून सरळ हवेत जाणार, कारण पाय उचलायला सांगणारं काही त्याच्या अंगात उरलेलं नाही. काढले तर हा जिवंत राहणार आणि त्या जगण्याचं काय करायचं ते त्याला कळणार नाही. भाऊ माझा, पाइपही माझा.

शेवटी त्यानंच तोड काढली. "तू बाजूला बस. अण्णांच्या नियमानं. तू वाजवलंस की मी पाय उचलणार. शब्द देतो. रविवारी चाचणी घेऊ, नाही जमलं तर काढ पडदे."

त्या रविवारपर्यंत मी तापाचं निमित्त करून दुकानात पाऊल टाकलं नाही. ठोक्यापासून लांब राहिले तर माझी भीती परत येईल, असा माझा विचार होता. ती आली, पण सरळ आली नाही. अवघडलेल्या पायाला मुंग्या येतात तशी आली. पहिले काही दिवस काहीच नाही. मग एका सकाळी अण्णा डाव्या हातानं आमटीभात खात होते, घास तोंडापर्यंत पोचेना, शितं प्लास्टरवर सांडत होती आणि ते कुणी बघत नाही ना म्हणून इकडंतिकडं बघत होते. माझ्या पोटात कालवलं. फार नाही, चमचाभर. पण कालवलं. मी त्यांना भरवायला बसले तर म्हणाले, "ताप उतरला वाटतं."

रविवारी गाडीत बसले तेव्हा तेवढं चमचाभर सोबत होतं. खालच्या नाक्यापासून पहिल्या चढापर्यंतही ते टिकलं नाही. मी अण्णांचा प्लास्टरचा हात आठवून बघितला. हात आठवला. पोटात काही झालं नाही.

हे होणार, हे मी धरलंच होतं. म्हणून घाटात माझी बोटं पूर्वी जिथं जिथं वाजायची त्या सगळ्या जागा मी घरीच पाठ केल्या होत्या. घाबरायला नाही आलं तरी आठवायला येतं. धबधब्याच्या वळणाआधी मी दोनदा वाजवलं. श्रेणिकनं पाय उचलला. गाडी शहाण्यासारखी वळली. पुढच्या उताराच्या तोंडाशी वाजवलं. त्यानं उचलला, पण अर्धाच. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा उचललाच नाही.

"श्रेणिक, वाजवलंय मी."

"ऐकलं. तू घाबरलीस का?"

गाडीचा वेग वाढत होता आणि केबिनमध्ये पूजेच्या खोलीसारखी शांतता होती.

"घाबरलीस का, अक्का?"

"नाही."

"मग कशाला उचलू?"

तो शब्द मोडत नव्हता. आमच्या नियमात वाजवण्याला किंमत होती ती पोटातल्या गोळ्यामुळं, बोटांमुळं नव्हे. गोळा नसताना मी वाजवत होते, आणि ते त्यानं ओळखलं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं म्हणणं मला पटलं. मी मान डोलावल्याचंही आठवतं.

समोर सरळ रस्ता होता. त्याच्या टोकाला नालेचं वळण, आणि त्याच्या पलीकडं आकाश. हा जाणार, असं मला स्वच्छ कळलं. मीही जाणार. ते कळणं कोरडं होतं, रेल्वेचं वेळापत्रक कळावं तसं. आणि त्या कोरडेपणात अण्णांचा आवाज आला, ओरडून नाही, रोजच्यासारखा. कुठं वाजवलंस? मी उत्तर शोधलं. कुठंच नाही. दारात खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला हे उत्तर सांगायलाही कुणी परत जाणार नव्हतं. मला दुःख झालं नाही. फक्त उत्तर चुकीचं आहे, एवढं वाटलं. चुकीचं उत्तर मी कधी ठेवत नाही.

मी वाकून सीटखालच्या डब्याची वायर उपटली.

त्याचा पाय उठत नव्हता, तेव्हा पाइपानं तो उचलावा, एवढाच माझा हिशेब होता. पडदे मेले आणि लाटेला पाइप एकदम आपल्या खऱ्या लांबीचा झाला. एवढ्या वेगाला ती लांबी चूक. ओढणारी लाट उशिरा निघाली, तिच्या जागी ढकलणारी येऊन पोचली आणि इंजिनाच्या घशात जळका वायू परत कोंबला गेला. ताकद एकदम बसली. घाट दणाणेल असा आवाज उठला, गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि श्रेणिकचे हात कापायला लागले. स्टिअरिंग थडथडत होतं. मी ते धरून डोंगराच्या बाजूला ओढलं. डावी चाकं गटारात उतरली, दरवाजा कातळाला घासत गेला, आणि नालेच्या वळणाच्या अलीकडं, अगदी अलीकडं, इंजिन बंद पडून आम्ही थांबलो.

आणि मग मी ओरडले. आवाज कुठून आला ते मला आधी कळेना. तो न्हाणीतला होता. अण्णा पडले तेव्हा ओरडायचं राहिलं होतं, ते आता मी ओरडत होते. ते ओरडून झालं तर सन्मतीचं रडणं आलं, मग "माझ्यापेक्षा चांगलं जमलं" आलं, आणि सगळ्यात शेवटी ती समोरची दरी. माझी बोटं डॅशबोर्डवर वाजत होती, दोनदा, पुन्हा दोनदा, थांबवता येईनात.

"लाव परत," श्रेणिक म्हणाला. दोन्ही हात काखेत दाबून तो पुढं-मागं डुलत होता. "वायर लाव, अक्का. पाया पडतो तुझ्या."

"नाही लावणार."

"मग मी परत कधीच गाडी चालवणार नाही."

"नको चालवूस."

हे मी बोलले. माझ्याच भावाला बोलले, आणि बोलताना मला इतकं दुखलं की मी दरवाजाची कडी घट्ट धरून ठेवली. त्याचा चेहरा हळूहळू मोडला.

"मी तिला रिक्षा बोलवू का म्हणालो," तो म्हणाला. "सन्मतीला. मी खरंच फोन काढला होता, अक्का."

"माहीत आहे."

"आता काय करू?"

"आधी घरी जाऊ."

घर घाटाच्या वरच्या अंगाला, म्हणजे नालेचं वळण चुकत नव्हतं. त्याच्या हातांनी ते शक्य नव्हतं. मी दुकानाचा विजेवरचा टेम्पो सोडून आयुष्यात काही चालवलेलं नाही. तरी घासलेला दरवाजा कसाबसा उघडून उतरले, फिरून आले आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. तो सरकून बाजूच्या सीटवर गेला. वायर मी माझ्या पर्समध्ये ठेवली. इंजिन चालू केलं तेव्हा त्या आवाजानं दोघंही दचकलो.

पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगानं आम्ही वळणाकडं निघालो. श्रेणिकचा कापरा हात डॅशबोर्डवर गेला आणि दोनदा वाजला. मी पाय उचलला. जरा पुढं गेलो, पुन्हा वाजला. पुन्हा उचलला. वळणाच्या पोटात तर तो सारखाच वाजत होता, आणि मी प्रत्येक वेळी पाय उचलत होते. काही विचारलं नाही. मागं वाहनांची रांग लागली, कुणीतरी हॉर्न दिला, कुणीतरी शिवी दिली. पुढची सगळी वळणं आम्ही अशीच काढली.

उद्यमनगरात पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच लोक बाहेर येऊन बघत होते. एवढा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. अण्णा दारात उभे होते, प्लास्टरचा हात गळ्यात. त्यांच्या मागं सन्मती. दरवाजाचा खरवडलेला पत्रा त्यांनी बघितला, मला ड्रायव्हरच्या जागेवर बघितलं, पण विचारलं तेच, जे नेहमी विचारतात.

"कुठं वाजवलंस?"

"मी नाही वाजवलं, अण्णा. श्रेणिकनं वाजवलं."

"कुठं?"

"सगळीकडं."

अण्णांनी खिडकीतून आत वाकून श्रेणिकचा हात आपल्या चांगल्या हातात घेतला. तो अजून कापत होता, आणि त्याच्याबरोबर अण्णांचाही कापायला लागला. त्यांनी तो सोडला नाही.

"बरं," ते मला म्हणाले. "उद्या सकाळी पाइप कापायला घे. विकलेलेसुद्धा माघारी आण."